बोलू नका, मशीन ऐकवा

प्रिय आई,

“बोल ना रे,” मामा म्हणाला. “ग्रुप बंद करतो म्हण. एवढंच म्हण, दिन्या.”

पिंड ठेवून पाऊण तास झाला होता. कावळा लिंबावर होता, एकच. खाली बघायचा, मान वाकडी करायचा, पुन्हा सरळ बसायचा. सीना नदीच्या काठाला ऊन चढत होतं.

बाकीच्यांचं बोलून झालं होतं. ताई म्हणाली, “आई, मी येत जाईन, घर बंद पडू देणार नाही.” कावळा हलला नाही. मामा म्हणाला, “अक्का, तुझ्या लेकराला मी अंतर देणार न्हाई.” मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. कावळा हलला नाही. कुणी चहाचा कप आणून ठेवला, कुणी मिरचीची भजी. मग ताईच्या नवऱ्यानं, ज्याला तू कायम ‘गरीब माणूस’ म्हणायचीस, खिशातून तुझा मोबाईल काढला आणि पिंडाशेजारी ठेवला. तेव्हा कावळा पहिल्यांदा फांदीवर दोन पावलं पुढे सरकला.

“बघा,” मामा म्हणाला. “जीव त्याच्यातच अडकलाय.”

शेजारी दुसऱ्या घरानंही पिंड ठेवला होता. गुरुजी घड्याळ बघत होते. सगळ्यांचे डोळे माझ्यावर.

मी पुढे झालो. हात जोडले. म्हणालो, “आई, ग्रुप बंद करणार नाही. तुझा कान गेला नव्हता.”

कावळा उडाला आणि शेजारच्या पिंडाला शिवला.

मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिववला, आणि आम्ही अंघोळी केल्या. मामा न जेवता अकोल्याच्या गाडीत बसला. जाताना म्हणाला, “मेलेल्या आईचा शब्द मोडलास. आता जित्या मानसांनी तुझ्याकडून काय धरायचं?” ताई आत जाऊन रडली.

म्हणून लिहितो आहे. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. नदीवर एका वाक्यात बोललो ते कुणाला कळलं नाही. कावळ्याला तर नाहीच. तुला तरी कळायला हवं.

तू मला लिहिताना पाहिलंस की विचारायचीस, “झालं का गुंडाळून?” मी एका ओळीवर तास घालवतो याचं तुला हसू यायचं. नागापूरच्या कारखान्यात तू अठ्ठावीस वर्षं विजेच्या मोटारींची कॉईल गुंडाळलीस. तांब्याची तार, वेढ्यावर वेढा. तुझ्या मते काम म्हणजे ते. मी कॉलेजात पोरांना कविता शिकवतो हे तू लोकांना सांगायचीस, पण ‘शिकवतो’ वर थांबायचीस. काय शिकवतो, ते गाळायचीस.

मला चौथीत असताना एकदा तू कारखान्याच्या फाटकापर्यंत नेलं होतंस. आत सोडत नव्हते. तू म्हणालीस, “इथनं ऐक.” मी ऐकलं. नुसता गोंगाट. तू म्हणालीस, “गोंगाट न्हाई तो. सतरा मशिनी हायेत. चौथी आजारी हाय.” मी कितीही कान दिला तरी मला सतरा ऐकू आल्या नाहीत. एकच ऐकू आली, मोठी.

तुझ्याबरोबर कॉईल गुंडाळणारी रझियामावशी फुलीचा किस्सा अजून सांगते. साहेबांनी मीटर लावून एक मोटार पास केली आणि तू ती उचलून टेबलाखाली ठेवलीस. वर खडूनं फुली. साहेब म्हणाले, मीटर चुकतं का? तू म्हणालीस, “साहेब, तुमचं मीटर तुमच्यापाशी, माझा कान माझ्यापाशी. ही धाडायची असंल तर फुली तुमच्या हातानं पुसा.” साहेबांनी पुसली. मोटार पंधरवड्यात परत आली, जळून.  तू फक्त खडूचा तुकडा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलास.

ही बाई पुढे कुठे गेली, आई?

कोरोनाच्या टाळेबंदीत दुकानं बंद होती. शेजारच्या वहिनींचा मिक्सर अडला. कुणी कुणाला दारात येऊ देईना, तर त्यांनी फोन मिक्सरपाशी धरला. तू भाजी चिरत होतीस. विळीवरून न उठता म्हणालीस, “कपलर झिजलाय. खालचा रबरी तुकडा. बदल.” वहिनींनी त्यांच्या बहिणीला सांगितलं. बहिणीनं जावेला. आठवड्यात तुझा फोन गरम व्हायला लागला.

ग्रुप मी काढून दिला. नाव सुचवलं, ‘गृहोपयोगी यंत्रे : श्रवण व मार्गदर्शन’. तू म्हणालीस, “हे वाचून हुईस्तोवर मोटार जळंल.” मग तूच पहिला निरोप बोललीस, आणि त्याचंच नाव झालं: बोलू नका, मशीन ऐकवा.

किती माणसं आली! भंडारदऱ्याच्या बाजूची शेतकरी बाई, तिचा पाण्याचा पंप. पिठाच्या गिरणीवाला. कूलर, पंखे, शिलाई मशिनी. तुला लिहिता यायचं, पण तू कधी टाईप केलं नाहीस. दोन शब्द बोलायचीस आणि सोडायचीस. “बुश. म्होरला.” “कॅपॅसिटर.” “काय झालं न्हाई, भांडं नीट बसव.” एकानं मिक्सरचा आवाज पाठवला, त्यात मागे त्याची बायको त्याला तोंड भरून बोलत होती. तुझं उत्तर: “मिक्सर चांगला हाय. तिचं ऐका.” त्यावर दोन दिवस ग्रुप हसत होता. ती बाई पुढे तुला दर संक्रांतीला तिळगूळ धाडायची.

मला तेव्हा थोडं लाजल्यासारखं व्हायचं. आज सांगतो. माझे सहकारी ग्रुपवर होते. आईचं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ सगळ्या जिल्ह्यात वाजतंय असं वाटायचं. तू हे ओळखलं होतंस का? माझ्यासमोर तू कमी बोलायचीस. आवाज पाठवायला मागच्या ओट्यावर जायचीस. मी समजायचो, तिथे रेंज चांगली आहे!

मग गेली दिवाळी झाली आणि तू एक दिवस म्हणालीस, “दिन्या, मशिनींचा आवाज लांबून येतोय रे हल्ली. भिंतीपल्याडून आल्यावानी.”

मी वही तपासत होतो. म्हणालो, “वय झालं आई.”

तू पुन्हा म्हणालीस, काही दिवसांनी. “मानसाचा आवाज जवळ, अन् मशीन लांब. असं कसं?” तू प्रश्न किती नेमका विचारला होतास. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस, आणि तुझं वाक्य मला ऐकू आलं नाही. मला फक्त ‘लांबून’ ऐकू आलं. मी तुला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी कागद दिला. वयाच्या मानानं ठीक, वरच्या पट्टीत थोडं कमी. तू कागद उलटा धरून म्हणालीस, “आलं बघ. लिहूनच आलं.” मीटरला न जुमानणारी तू, एका कागदानं खाली बसलीस.

आणि मग खर्डा गावची लताबाई.

तिला आपण दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी करून विकते, एवढं माहीत. मिक्सर हेच तिचं दुकान. तिनं आवाज पाठवला. सुरुवातीला म्हणाली, “काकू, जरा येगळंच वाटतंय, बघता का,” आणि मग मिक्सर. तू तीनदा ऐकलास. मी होतो तिथे. तिसऱ्यांदा फोन कानाला दाबून धरलास. मग म्हणालीस, “काय न्हाई झालं. चालव.”

तिनं चालवला. मोटारीचा दांडा ज्यात फिरतो तो बुश घासून अडकला, मोटार जळाली, धूर झाला. तिनं घाबरून भांडं उचललं तेव्हा उजवा तळहात भाजला.

लताबाईनं तुला दोष दिला नाही. तिनं नुसतं कळवलं. दोष दिला तो त्या वायरमननं, जो पहिल्यापासून ग्रुपवर होता आणि तुझं उत्तर आलं की ‘बरोबर’ असं लिहायचा. त्यानं लिहिलं, “काकूंचा कान गेला. हे धोक्याचं आहे.” आणि खाली, “काकूंनी आता आराम करावा.”

त्या खालच्या ओळीवर अंगठे पडत गेले. पन्नास, साठ, नंतर मोजले नाहीत.

एक माझा होता.

मला वाटलं, चांगलंच म्हणतोय. आराम करावा. यात वाईट काय? मी रिकाम्या तासाला, चहा पिता पिता, बोट टेकवलं. अंगठ्यावर दाबलं की नावं दिसतात, हे तुला मीच शिकवलं होतं. ताईच्या वाढदिवसाला कुणाकुणाचे अंगठे आले ते तुला बघायचं होतं, तेव्हा.

तू बघितलं असशीलच. तू कधी बोलली नाहीस. माझ्याशी भांडायला का आली नाहीस? साहेबाच्या टेबलावर खडू ठेवलास, माझ्या टेबलावर का नाही ठेवलास? मी त्या संध्याकाळी घरी आलो तर तू मला गरम भाकरी वाढलीस. मी वर आणखी बोललो, “आई, आता बास. लोकांच्या जिवाशी खेळ नको.” तू म्हणालीस, “व्हय.”

हे ‘व्हय’ मला माफ करता येत नाही. तुलाही, मलाही.

नंतर ग्रुपवर आवाज येत राहिले आणि तू ऐकत नव्हतीस. फोन धान्याच्या डब्यावर उपडा. मामा आला होता तेव्हा तू वाटाणे सोलत होतीस. सोलता सोलता म्हणालीस, “माझ्यामागं तो ग्रुप बंद कर. आवाज-बिवाज समदं पूस. पुन्यांदा कुनाचा हात भाजाय नको.” मामानं माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. हो म्हणणं तेव्हा सोपं होतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी पाणी भरताना तू जरा बसते म्हणून बसलीस.

आता पुढचं ऐक. हे तुला माहीत नाही.

तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मी तुझ्या खोलीत होतो. तुझा टेबलफॅन चालू होता. तो तुझा, पत्र्याचा, तू स्वतः दोनदा गुंडाळलेला. त्याची ती घरघर, मधेच एक टक्, पुन्हा घरघर. मला वाटलं, हा आवाज ठेवावा. पुढेमागे फॅन भंगारात जाईल. मी माझा फोन समोर धरला, म्हणालो, “आईचा फॅन,” आणि दोन मिनिटं तसाच बसलो.

मग लावून ऐकलं. माझा आवाज स्वच्छ आला. “आईचा फॅन.” त्यानंतर माझा श्वास. बाहेर कुणीतरी दार लावलं, ते आलं. रस्त्यावरची भाजीवाली आली. फॅन नव्हता.

फॅन समोर फिरत होता. माझ्या कपाळावर वारा लागत होता. फोनमध्ये फॅन नव्हता.

पुन्हा केलं. पुन्हा नव्हता. नीट कान दिला तेव्हा कुठेतरी होता, भिंतीपलीकडे. लांब.

माणसाचा आवाज जवळ, आणि मशीन लांब.

आई, तुझंच वाक्य.

मग तो फोन उघडून शोधत गेलो. आत एक सेटिंग होतं. आजूबाजूचा गोंगाट काढून बोलणं स्पष्ट करा. ते आपोआप चालू असतं. नवे फोन असं करतात, आणि दिवाळीपासून ग्रुपवर कितीतरी जणांचे फोन नवे होते. कुणी तरी कुठे तरी बसून ठरवलं की माणसाचं बोलणं कामाचं आणि बाकीचा गोंगाट. त्यांना कुणी सांगितलं नाही की नागापुरात एक बाई आहे, तिला गोंगाटातच सगळं ऐकू येतं.

सेटिंग बंद केलं. पुन्हा धरला. घरघर, टक्, घरघर. फॅन आला.

त्याच दुपारी लताबाईला फोन लावला. हात बरा आहे म्हणाली, जखम भरत आली. मी विचारलं, “ताई, तुम्ही तो आवाज कुठल्या फोनवरून पाठवला होता?”

“नव्या. दिवाळीत घेतला ना, सर. जुना पूजाला दिला, पोरीला. ती रिला काढती.”

“सतत रिला?”

“मग! चटणी कांडताना माझा हातच तेवढा घेती. तोंड घेत न्हाई. म्हनती आई, तुझं तोंड चालत न्हाई.” आणि हसली. मग एकदम थांबली. “सर, काकूंचं कळलं. मी चार दिवस फोन करू का नको असं करत हुते. माझ्यामुळं त्यांनी मनाला लावून घेतलं का वो?”

मी म्हणालो, तुमच्यामुळे नाही. मग विचारलं, त्या सकाळीही पूजानं काढलं होतं का काही?

होतं. त्या सकाळी पूजानं जुन्या फोनवर चटणी काढली होती. रील टाकलीच नाही, कारण त्याच मिक्सरनं पुढे आईचा हात भाजला आणि तिला ते टाकवेना. पण पुसलीही नव्हती. तिनं ती मला पाठवली. गाणं न घातलेली, कच्ची. एक हात, शेंगदाणे, लसूण, झाकण, आणि मिक्सर. मला त्यात काही कळलं नाही. मला कधीच काही कळत नाही. मला एकच मशीन ऐकू येते, मोठी.

म्हणून काल संध्याकाळी रझियामावशीला बोलावलं.

तू गेल्यापासून ती रोज येते. बसते, उठते, जाते. मी तिला चहा दिला आणि म्हणालो, “मावशी, एक ऐका. कुणाचं काय ते विचारू नका.” आणि लताबाईनं तुला पाठवलेला आवाज लावला.

तिनं डोळे मिटले. तुमच्या विंडिंगच्या सगळ्या बायका ऐकताना डोळे मिटत होत्या का? ती म्हणाली, “चांगला चाललाय की. चालवू दे.”

तुझेच शब्द, आई. जवळजवळ तेच.

मग मी पूजाची रील लावली. मोबाईल उपडा ठेवून, चित्र न दाखवता. चार सेकंदही झाले नसतील. मावशीनं डोळे उघडले आणि हात पुढे केला, जणू समोर बटण होतं.

“बंद कर, बंद कर! बुश गेलाय त्याचा. शाफ्ट खातोय. कुणाचा आहे? सांग त्याला, हात लावू नको.”

मी म्हणालो, “मावशी, दोन्ही एकाच मिक्सरचे आहेत. एकाच सकाळचे.”

तिला समजायला वेळ लागला. मी फॅन दाखवला. तिच्यासमोर सेटिंग चालू केलं, बंद केलं. फॅन गेला, आला. तिनं ते तीनदा करायला लावलं. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि मला वाटलं ती रडते. ती चिडली होती.

“मग इंदू का गप्प बसली? मला का नाही विचारलं? मी इथं दोन गल्ल्या पलीकडे राहते! दोघींना एकच चूक झाली असती तर लगेच कळलं असतं, चूक कानात नाही, त्या फोनच्या डब्यात आहे!” मग माझ्याकडे वळून, “आणि तू? शिकलेला ना तू?”

मी म्हणालो, “हो.”

“काय शिकलास?”

मी तिचा कप उचलला.

तू तिला का विचारलं नाहीस, आई? हा माझा तुझ्यावरचा खरा राग आहे. तुम्ही दोघी एकमेकींच्या मोटारी ऐकायचात. तू गुंडाळलेली ती तपासायची, तिची तू. कारखान्यात हाच नियम होता, कुणी लिहून न दिलेला: आपली मोटार आपण पास करायची नाही. ग्रुपवर मात्र तू एकटीच बसलीस. कौतुक एकटीला आलं, म्हणून बोलही एकटीनंच घेतलास. की रझियामावशीलाही ‘लांबून’च ऐकू आलं तर, याची भीती होती?

जाऊ दे. तू उत्तर देणार नाहीस. बोलू नका, मशीन ऐकवा.

आज पहाटे मी ठरवून नदीवर गेलो नव्हतो. मला वाटलं होतं, ओठांतल्या ओठांत हो म्हणेन आणि नंतर बघू. मामा म्हातारा आहे, ताईला त्रास नको. पण तुझा मोबाईल पिंडाशेजारी ठेवला गेला, आणि त्याच्यावर ऊन पडलं, आणि मला दिसलं की त्यावर अकरा नवे आवाज आलेत. ज्यांना तू गेल्याचं माहीत नाही अशांचे. अकरा माणसं तुझी वाट बघत होती, आणि आम्ही एका कावळ्याची.

तेव्हा मला हो म्हणता आलं नाही.

मामा म्हणतो, शेवटची इच्छा मोडली. मोडली. मी ती शंभरदा मोडेन. कारण ती तुझी नव्हतीच. ती त्या वायरमनची होती, त्या साठ अंगठ्यांची होती, कानाच्या कागदाची होती, आणि माझी होती. तुझ्या तोंडून आली एवढंच. तुझी खरी इच्छा मी फाटकाशी उभा राहून चौथीत ऐकली आहे. इथनं ऐक, म्हणालीस.

तू कावळा होऊन आली नाहीस म्हणून लोक म्हणतात, रागावली. रागाव. मेल्यावर तरी रागाव! आयुष्यभर मला भाकरी वाढलीस, एकदा तरी खडू ठेव माझ्या टेबलावर. तुझी फुली मी पुसणार नाही.

आणि तुझी आठवण म्हणून फोटोला हार घालून बसणं मला जमायचं नाही. तुझे आवाज आहेत माझ्याकडे. हजाराच्या वर असतील, दोन-दोन शब्दांचे. “बुश.” “कॅपॅसिटर.” “तेल नका घालू, त्यानं मरंल.” तू पुसायला सांगितलेस ते. मी काल दुपारभर ऐकले. ‘हाय’ आणि ‘न्हाई’सकट. कुठल्या कवितेच्या तासाला मी एवढा नीट बसलो नव्हतो.

रझियामावशीला ग्रुपवर ये म्हणालो. आधी नाही म्हणाली. “मला नको ते ग्रुप-बिप. माझी सून हसेल.” मग तुझ्या फॅनपाशी कान नेला. जाताना चपला घालताना म्हणाली, “एकटी ऐकणार नाही मी. दुसरी कुणीतरी पाहिजे तपासायला. आमच्या बॅचच्या दोघीतिघी आहेत अजून. विचारते.” आणि मला, “तू नुसतं बटण दाबायचं. ऐकायच्या भानगडीत पडू नकोस.”

पडणार नाही.

आई, तुला वचन देतो, आणि हे कावळ्याला विचारून देत नाही. ग्रुप चालेल. तुझा एकही आवाज पुसला जाणार नाही. उद्या सकाळी मी दोन्ही आवाज, लताबाईचा आणि पूजाचा, एकाखाली एक टाकणार आहे, आणि खाली सगळं लिहिणार आहे. सेटिंगचं, रझियामावशीचं, आणि कोणाचा कान गेला होता ते. माझा अंगठा त्या ओळीवरून काढणार आहे, पण तो होता हेही लिहिणार आहे. कुणी ग्रुप सोडला तर सोडू दे. कुणी हसलं तर हसू दे. आणि यापुढे तू म्हणालीस तसं ‘लांबून येतंय’ असं कुणीही मला म्हणालं, तर मी वही बाजूला ठेवून विचारेन: काय लांब, आणि काय जवळ?

फॅन चालू आहे. सेटिंग बंद आहे.

चौथी मशीन ऐकू न आलेला तुझा,
दिन्या

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दोन्ही आवाज टाकले आणि खाली लिहिलं. अंगठा काढला. आठच्या सुमारास मामानं ग्रुप सोडला. लताबाईनं भाजलेल्या तळहाताचा फोटो पाठवला, खपली निघालेली. नऊ वाजता वायरमनकडून एका पंख्याचा आवाज आला, एक मिनिटाचा. त्यात तो एक शब्दही बोलला नव्हता. रझियामावशीनं आमच्या ओट्यावर बसून तो दोनदा ऐकला, शेजारी बसलेल्या दुसऱ्या बाईलाही ऐकवला, आणि म्हणाली, “बेरिंग. मागचं.” मी बटण दाबलं.